गुंड्याने ओढून आणलेली उशी

गुन्हे शाखेतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर कोंडिराम खरातांना एवढंच हवं होतं की सकाळी चहा आणि पेपर मिळावा आणि मधे कुणी बोलू नये. इंद्रलोक वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये चार वर्षांत ते एकदाही जमलं नव्हतं. कारण गुंड्या. मुलाने, अभिनवने, हौसेने कुत्रा आणला आणि सहा महिन्यांत नोकरीसाठी बंगळुरू गाठलं. कुत्रा राहिला यांच्या गळ्यात. त्यातून त्याला चपला पळवायची खोड. एकतीस वर्षं चोर पकडलेला माणूस आता हातात दुसऱ्याची चप्पल घेऊन दारोदार माफी मागत फिरायचा.

त्या मंगळवारी गुंड्याने अख्खी उशी ओढत आणली.

"अहो, बघा काय आणलंय ह्याने," वैजयंताबाई म्हणाल्या. "निळ्या फुलांची खोळ. वरच्या विमलाबाईंची दिसतेय. देऊन या बरं."

"माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करत जा," कोंडिराम करवादले, पण उठले.

उशी कचऱ्याच्या डब्यातली होती. खोळीला केळ्याची साल चिकटली होती. ती झटकताना मधोमध काळपट डाग दिसला, तोंडाएवढा. कडेला रक्ताचा ठिपका. त्यांनी वास घेतला. मिश्री. विमलाबाई मूळच्या डोंगरी गावच्या. सकाळी उठल्या की आधी दातांना ती भाजलेल्या तंबाखूची मिश्री, मग चहा, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

वर दार उघडंच होतं. विमलाबाई पलंगावर पडलेल्या, अंगावर चादर. त्यांचा भाचा निकेत फोनवर शववाहिनी मागवत होता. कोंडिरामना बघून त्याने फोन ठेवला.

"मावशी गेली, काका. रात्री झोपेतच. साडेसातला आलो तेव्हा अंग पार गार पडलं होतं. डॉक्टर येतायत सर्टिफिकेट द्यायला."

कोंडिरामनी चादरीखाली हात घालून मनगट धरलं. आठ वाजत आले होते आणि मनगट अजून कोमट होतं. म्हातारीच्या दातांच्या कडा ओल्या काळ्या होत्या.

"झोपेत गेल्या, तर मिश्री कधी लावली?"

"रात्रीची असेल."

"इथं उशी एकच दिसतेय. दुसरी कुठंय?"

तेवढ्यात मागून आलेला गुंड्या पलंगाखाली शिरून भुंकायला लागला. "गप रे," कोंडिराम त्याच्यावर खेकसले आणि दार लावून दाराशीच खुर्ची टाकून बसले. फोन काढून त्यांनी पोलीस ठाणं लावलं.

"काका, कशाला वाढवताय?" निकेतचा आवाज चिरकला. "एक सही मागत होतो. वाडी नुसती पडून आहे तिची डोंगरीला. किती वर्षं समजावतोय."

"बस खाली," कोंडिराम म्हणाले. "जे सांगायचं ते आता त्यांना सांग."

पोलीस येईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत त्यांना गेल्या आठवड्याची संध्याकाळ आठवत राहिली. विमलाबाईंनी जिन्यात थांबवलं होतं. "खरात, तुमी पोलिसात व्हता ना? जरा बोलायचं हाय." हिचीही काहीतरी पार्किंगची कटकट असणार, असं वाटून ते "नंतर बघू" म्हणत निघून आले होते. आता ते त्यांना आतून खात होतं.

उपनिरीक्षक मानसी शिर्के पोरसवदा, पण नेटकी होती. तिने उशी सील केली, पंचनामा सुरू केला आणि विचारलं, "सर, पुरावा आधी कुणाच्या हाती लागला?"

"कुत्र्याच्या."

"नाव?"

कोंडिरामनी कपाळाला हात लावला. "गुंड्या. तसंच लिहा."

शवविच्छेदनात निघालं की श्वास कोंडून मृत्यू झालाय. दोन दिवसांनी निकेतने कबूल केलं. सहाला आला, मावशी मिश्री लावत होती, सहीला पुन्हा नाही म्हणाली.

आता खटला ठाण्याच्या कोर्टात उभा आहे. कोंडिराम साक्षीदार. तीनदा गेले, तीनदा पुढची तारीख मिळाली. एकदा वकील आला नाही, एकदा न्यायाधीशसाहेब रजेवर. दर वेळी घरी येऊन ते अर्धा तास सगळ्यांच्या नावाने बोटं मोडतात. वैजयंताबाई म्हणाल्या, "एवढा त्रास होतोय तर डॉक्टरचा कागद जोडा, गुडघ्यांचं सांगा."

"नाही," ते म्हणाले. "त्या बाईला एकदा 'नंतर' म्हणून झालंय."

चौथी तारीख सोमवारची आहे. साडेसातला निघावं लागेल.