खड्ड्यातले नगारे

वाद्यवृंदात सगळ्यात मागे उभं राहणाऱ्या माणसाचं मुख्य काम न वाजवण्याचं असतं. व्हायोलिनवाले सतत वाजवतात, बासरीवाले अधूनमधून. मागचा माणूस हातात काठ्या धरून मनातल्या मनात मात्रा मोजत राहतो. त्याचं वाजवायचं ठिकाण आलं की दोन ठोके देतो आणि पुन्हा मोजायला लागतो. नागसेनला हे काम लवकर जमलं. गप्प राहून वाट बघायची सवय त्याला घरातूनच होती.

दिवसा तो मलकपेठला विमा कंपनीत कारकून. घर अंबरपेठेत, दोन खोल्यांचं; खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत. आतल्या खोलीत बायको रसिका, मुलगी रोशनी आणि तो; बाहेरच्या खोलीत वडील, उत्तमराव. रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले, फिटर होऊन निवृत्त झाले. रविवारी नागसेन विद्यानगरला एका शाळेच्या हॉलमध्ये तालमीला जायचा. तिथं डॉक्टर, सॉफ्टवेअरवाले, मिशनच्या शाळांतले संगीत शिक्षक जमत आणि परदेशी रचना बसवत. घरी तो एवढंच सांगायचा, "संगीताच्या क्लासला चाललोय." कोणतं वाद्य, हे उत्तमरावांनी कधी विचारलं नाही आणि नागसेननं सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण जुनं होतं. देगलूरकडच्या त्यांच्या गावात डफडं वाजवायचं काम त्यांच्या घराकडं होतं. लग्न असो, मयत असो, दवंडी असो, निरोप आला की जायचं आणि वाड्याबाहेर उभं राहून वाजवायचं. आतली माणसं बसलेली, वाजवणारा उभा. धम्म घेतला त्या दिवशी नागसेनच्या आजोबानं डफडं चुलीत घातलं. कातडं जळाल्याचा वास घरात राहिला. उत्तमराव तेव्हा लहान होते, पण डफड्यावर त्यांचा हात बसायला लागला होता. ते याबद्दल बोलत नसत. फक्त रस्त्यानं कुणाच्या लग्नाचा बँड चालला की ते दोन्ही हात खिशात घालत आणि बँड लांब जाईपर्यंत काढत नसत.

नागसेन शाळेच्या परेडमध्ये ड्रम वाजवायचा, ते त्यांनी चालू दिलं होतं. परेड म्हणजे शिस्त. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतही वाजवू दिलं. "ते आपलं आपल्यासाठी," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या हुकमावर आपल्या घरातला हात पडायचा नाही."

या वर्षी वाद्यवृंदानं पहिल्यांदाच मोठा हंगाम जाहीर केला. दोन मैफली, आणि शेवटी बाहेरून येणाऱ्या मंडळीचा बॅले, त्याला साथ यांची. माहितीपत्रकावर सगळ्यांचा फोटो होता. रोशनीनं तो आजोबांच्या नाकासमोर धरला.

"आबा, ये देखो, पप्पा! मी दोन पास घेतले. एकदम पुढचे."

उत्तमरावांनी चष्मा लावला. फोटोत मागच्या टोकाला नागसेन उभा होता, दोन्ही हातांत झांजा, हात वर.

"क्लास," ते म्हणाले. एवढंच. पण पहिल्या मैफलीला ते आले, पांढरा सदरा, इस्त्रीची पँट घालून.

परतताना रिक्षात रोशनी कानाला फोन लावून मैत्रिणीशी बोलत होती. उत्तमराव रस्त्याकडं बघत म्हणाले, "सगळे बसले होते."

"हौ, बाबा."

"बायाबी बसल्या होत्या. तुझ्यापेक्षा धाकटी पोरं बसली होती."

"झांजांना हात मोकळा लागतो. तशी पद्धत आहे."

"गावातबी पद्धतच म्हणत होते." मग, "आणि तो काडी हलवणारा. त्यानं बोट केलं की तू वाजवायलास."

"सगळेच त्याच्याकडं बघून वाजवतात, बाबा."

"सगळ्यांचं मला काय सांगतोस? बसून वाजव. नायतर सोड."

सोडणं नागसेनला शक्य नव्हतं. त्या मागच्या जागेशिवाय आपली कुठंच गरज नाही, असं त्याला कधीकधी वाटायचं. ऑफिसात त्याच्या टेबलावर दुसरा कुणी बसला असता तरी चाललं असतं. पण वडिलांना डावलून वाजवणं म्हणजे चुलीतलं डफडं पुन्हा बाहेर काढणं. दोन्ही बाजूंनी भिंत होती. पुढच्या तालमीला त्यानं घाबरत घाबरत काडी हलवणाऱ्या संचालकाला, कुलदीपला, विचारलं की मला बसून वाजवता येईल का.

कुलदीप हसला. "नागसेन भाई, इतनी सी बात? टिंपनी पे आ जाओ. ऊँचा स्टूल है, राजा बन के बैठो."

टिंपनी म्हणजे तांब्याचे मोठे, पोटाचे नगारे. त्यांच्यामागे उंच स्टुलावर बसून वाजवता येतं. नागसेन झांजा सोडून तिकडं गेला. दुसऱ्या मैफलीच्या मध्यंतरात उत्तमराव रोशनीचा हात धरून थेट रंगमंचावर चढले आणि नगाऱ्यापाशी येऊन उभे राहिले.

"कातडं कशाचं?"

"प्लॅस्टिक आहे."

"खोटं बोलू नको लेका."

"हात लावून बघा."

त्यांनी एक बोट टेकवलं, पण वाजवलं नाही. "कातडं नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि उतरताना मागं वळून, "ताठ बसत जा. कुबड काढून बसलास."

नागसेनला वाटलं, सुटलो.

मग बॅलेची तालीम सभागृहात लागली आणि त्यानं जागा पाहिली. रंगमंचासमोर जमिनीत खोदलेला लांबट खड्डा होता, वादकांसाठी. अरुंद पायऱ्या उतरून आत जायचं. आत गेलं की प्रेक्षक दिसत नाहीत, नाचणारे दिसत नाहीत. दिसतो तो छताचा तुकडा, स्वरलिपीवरचे छोटे दिवे आणि कुलदीपचा चेहरा. वर नाच चालला आहे हे फळ्यांवरच्या पावलांच्या धपधपीवरून कळायचं. एवढ्या हलक्या वाटणाऱ्या मुली एवढ्या जोरात पडतात, हे खालून ऐकल्याशिवाय समजत नाही.

घरी येऊन तो म्हणाला, "हा नाचाचा कार्यक्रम आहे, बाबा. तुम्हाला कंटाळा येईल."

"कंटाळा आला तर झोपीन."

"लाइट लो, पप्पा, टेन्शन नको," रोशनी म्हणाली. "सीट बुक हो गई. आबा माझ्यासोबत आहेत."

खड्ड्याबद्दल तो बोलला नाही. जेवताना दोनदा बोलणार होता.

शनिवारी दुपारचा खेळ होता. जंगलात वाट चुकलेल्या एका मुलीची गोष्ट. शेवटाकडं ती धावत धावत येऊन कोसळते, आणि कोसळताना टिंपनीचे दोन ठोके पडायचे. बाकी सगळे तिथं थांबतात. फक्त ते दोन ठोके. नागसेन त्या ठिकाणापर्यंत मोजत आला होता. काठ्या हातात, पाठ ताठ. तेवढ्यात कठड्यावर काहीतरी पांढरं हललं.

उत्तमराव होते. आपल्या जागेवरून उठून, अंधारात खुर्च्या चाचपत ते खड्ड्याच्या कठड्यापाशी आले होते आणि वाकून खाली बघत होते. मागून रोशनी दबक्या आवाजात "आबा, बैठो ना" करत होती. त्यांनी ऐकलं नाही. त्यांची नजर खड्ड्यात फिरली आणि नागसेनवर येऊन थांबली. दिव्यांचा उजेड खालून त्यांच्या तोंडावर पडला होता. चेहऱ्यावर राग नव्हता. विहिरीत पडलेल्या जनावराकडं बघावं तसे ते बघत होते.

नागसेननं हात उचलला. वर फळ्यांवर मुलगी कोसळली. हात तसाच राहिला.

सभागृहात शांतता पसरली. लोकांना ती मुद्दाम ठेवलेली वाटली असावी, कारण मग जोरात टाळ्या पडल्या. कुलदीपनं एकदा नागसेनकडं पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. नंतर पायऱ्या चढताना तो एवढंच म्हणाला, "वो जगह खाली गई, भाई. कल देख लेना."

बाहेर अजून उजेड होता. रिक्षात रोशनी मधे बसली, फोन न काढता.

"ती पोरगी पडली तिथं तुझं होतं," उत्तमराव म्हणाले.

नागसेन काठ्यांच्या पिशवीची नाडी आवळत होता.

"हात उचलला होतास. मग माझ्याकडं बघितलंस."

"हौ."

"नाचाला सगळेच खाली बसतेत?"

"सगळेच. कुलदीप सरसुद्धा."

"व्हय, बघितलं मी. बाया होत्या, तो डॉक्टर होता जाड भिंगाचा." रिक्षा सिग्नलला थांबली. "सगळे होते. तरी मला तू एकटाच दिसायलास. बाकीचे दिसनात."

"बाबा, मला कुणी खाली घातलं नाही."

"ते कळतंय मला. कळून काय करू?"

सिग्नल सुटला. त्यांनी खिशातून उजवा हात काढला, गुडघ्यावर ठेवला आणि बोटांनी ठोकलं. एकदा, थोडं थांबून पुन्हा एकदा. बरोबर तेवढंच अंतर ठेवून. मग हात परत खिशात गेला.

"आबा!" रोशनी म्हणाली. "वही तो था!"

"गप ग," ते म्हणाले. नागसेनला म्हणाले, "उद्या मी येत नाही. तू जा."

"तुम्ही आलात तरी मी वाजवीन."

"नाही वाजवणार. मी हुबा राहिलो की तुझा हात थांबतो. आता बघितलं ना." मग, "येत नाही म्हणजे वाजवू नको असं नाही. नीट ऐक. वाजव म्हणालो मी."

इतकी वर्षं हा शब्द ऐकायला नागसेन थांबला होता. त्याला वाटलं होतं, ऐकल्यावर छातीवरून काहीतरी उतरेल.

रविवारी निघताना उत्तमराव पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ताठ बस," म्हणाले. तो पायऱ्या उतरून खड्ड्यात गेला, स्टुलावर बसला, मोजत राहिला. वर पावलं धावत आली. मुलगी कोसळली आणि दोन्ही ठोके जागच्या जागी पडले. कुलदीपनं मान हलवली. नागसेननं कठड्याकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, कुणी नसणार हे त्याला माहीत होतं.

पुढचं ठिकाण लांब होतं. तो मोजायला लागला.