चर्चच्या दारातल्या चपला

त्या बाईच्या चपला मी ओळखल्या, तेव्हा ती बाई मला दिसलीही नव्हती. प्रागमधल्या एका जुन्या चर्चच्या दारात, भिंतीला लागून, दोन्ही एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या होत्या. तपकिरी रंगाच्या, जाड रबरी तळाच्या. टाचा दाराकडे, तोंडं रस्त्याकडे. युरोपातला माणूस चर्चबाहेर चपला काढत नाही, आणि काढल्याच तर निघताना पाय सरळ आत जावा म्हणून फिरवून ठेवत नाही. हे कळंबला चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरण्याआधी आपण करतो. मी मनात म्हटलं, अगं बाई, आपल्याकडचंच कोणीतरी आलं! आणि खरं सांगते, मला आनंद झाला नाही.

तो का झाला नाही, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी यवतमाळकडच्या नेरच्या शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. कडक बाई म्हणून माझा लौकिक होता, आणि मला त्याचा फार गर्व होता. वर्गात एखादी पोर "बाई, मले समजलं नाही" म्हणाली की इंग्रजी राहायचं बाजूला, मी आधी तिचं मराठी दुरुस्त करायची. "मले नाही, मला म्हण. शाळेत आहेस, वावरात नाहीस." घरी आल्यावर मीच नवऱ्याला "मले चहा द्या हो" म्हणायची, ते वेगळं. शाळेत साडी कडक इस्त्रीची आणि भाषाही तशीच.

निवृत्त झाल्यावर मुलीकडे जर्मनीला गेले. ती दिवसभर ऑफिसात आणि मी खिडकीत बसून ट्राम मोजत. शेवटी तिनेच बसचं तिकीट काढून दिलं. "आई, प्राग पाहून ये. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. एकटी जा, काही होत नाही." तिने मला पँट घेऊन दिली, निळं जाकीट घेऊन दिलं, बूट घेऊन दिले. टिकली काढ असं मात्र ती म्हणाली नव्हती. ती मीच काढली, बसमध्ये बसताना. मंगळसूत्र मफलरखाली सारलं. कोणी विचारलं नसताना!

पहिला दिवस मजेत गेला. जुना दगडी पूल, त्यावर दोन्ही बाजूंनी संतांचे पुतळे. एका पुतळ्याखालचं पितळ लोकांनी हात लावून लावून लख्ख केलेलं, हात लावला की इच्छा पूर्ण होते म्हणे. मीही लावला. म्हटलं, पळसाला पानं तीनच, कुठेही जा. फोटो काढले, आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. "एकटी? युरोपात? वा बाई!" असे धडाधड निरोप आले. मी आणखी दहा फोटो टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला एक अमेरिकन जोडपं भेटलं. माझ्याच वयाचे नवरा-बायको, बोलके. त्या बाईने माझं इंग्रजी ऐकलं आणि म्हणाली, तुमचं इंग्रजी किती सुंदर आहे, आमच्या मुलांनाही असं येत नाही. झालं. मी जी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती उतरायला तयार नाही. दिवसभर त्यांच्यासोबत हिंडले. पुस्तकात शिकवलेले सगळे मोठमोठे शब्द वापरून घेतले. भारत म्हणजे काय, हे मी त्या दोघांना अशा थाटात सांगत होते, की जणू भारत मीच बांधला.

त्या थाटातच आम्ही चर्चच्या दाराशी आलो आणि मला त्या चपला दिसल्या.

आत गेले तर पुढच्या बाकाशी एक म्हातारी उभी. साधं सुती लुगडं, त्यावर गड्यामाणसाचं स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात नुसते मोजे. डोळे मिटून, हात जोडून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मग तिने वाकून दगडी फरशीला डोकं टेकवलं. काही लोक वळून पाहायला लागले. माझी मान खाली गेली. तिने काही वाईट केलं नव्हतं. देवाघरी आली होती, देवाच्या पाया पडत होती. पण मी म्हटलं, बाप्पा, हिने आता माझ्याकडे पाहू नये.

आम्ही बाहेर आलो, मागोमाग तीही आली. चपला जागेवर नव्हत्या.

तिने भिंतीशी पाहिलं, दाराच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. बाहेर बारीक पाऊस सुरू होता. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा एकदम फुलला.

"बाई, माह्या चपला पाह्यल्या का जी? इथीसाच काढल्या होत्या. आमची बस चार वाजता सुटते नदीपाशी, अन् मी लोकाईच्या मागं राह्यली. फोन बी भाचीपाशी आहे. तुम्ही आपल्याकडच्या दिसता."

शब्दन् शब्द समजला. समजला म्हणजे काय, माझ्या आईच्या तोंडचे शब्द होते ते. यवतमाळ बाजूची बाई, परक्या देशात, चुकलेली, पायात काही नाही, आणि तीन वाजायला आलेले.

अमेरिकन बाईने मला विचारलं, ही तुमची भाषा बोलते का?

मी म्हटलं, नाही. आमच्या देशात खूप भाषा आहेत. ही मला येत नाही.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. विचारही केला नाही, असं म्हणून मला आता सुटता येत नाही, कारण विचार केला होता. 'हो' म्हटलं असतं तर ती कानटोपी, ते मोजे, ते 'इथीसाच', सगळं माझं झालं असतं. सकाळपासून कमावलेलं ते सुंदर इंग्रजी घटकेत उतरलं असतं. एवढ्यासाठी मी नाही म्हटलं.

म्हातारीला इंग्रजी कळलं नसेल, पण माझं हललेलं डोकं कळलं. "नाई समजत वाटते बाईले," ती स्वतःशीच म्हणाली. "असू द्या. माहीच चूक."

तिने आपल्या पायांकडे बोट करून त्या अमेरिकन बाईला खुणेनं सांगितलं. ती बाई लगेच आत गेली आणि चार बाकांखाली वाकून वाकून पाहून आली. तिला एक शब्द कळत नव्हता, तरी ती शोधत होती. मला सगळं कळत होतं आणि मी दारात छत्री धरून उभी होते.

चपला मिळाल्या नाहीत. म्हातारीने तिला हात जोडले, मलाही जोडले, आणि ओल्या दगडी रस्त्यावरून मोज्यांनीच निघाली. नदी उजवीकडे होती. ती डावीकडे वळली. मी पाहिलं, आणि तरी हाक मारली नाही.

आम्ही प्रागचं ते मनोऱ्यावरचं प्रसिद्ध घड्याळ पाहायला गेलो. चौकात ही गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. तीन वाजले तशा वरच्या खिडक्या उघडल्या, आतून संतांच्या बाहुल्या एकेक करून फिरून गेल्या, बाजूच्या सांगाड्याच्या बाहुलीने दोरी ओढून घंटा वाजवली. लोक हसले, टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांपुढे ते ओले मोजे. अजून एक तास आहे, मी मनात म्हटलं, आणि तू इथे बाहुल्या पाहून राह्यली? शरम नाही वाटत? त्या दोघांना मी सांगितलं, मला बरं वाटत नाही, मी हॉटेलवर जाते. तिथेही खरं सांगितलं नाही.

चर्चकडे जवळजवळ धावतच गेले. आत मेणबत्त्यांच्या टेबलाशी एक झाडणारी बाई होती. मी चपला कशा होत्या ते हातांनी दाखवलं. तिने टेबलामागून प्लॅस्टिकची पिशवी काढली. दारात कोणी टाकून गेलं असं वाटून तिने उचलून ठेवल्या होत्या. ती पिशवी छातीशी धरून मी डावीकडच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. ती कुठे दिसेना. मग नदीकडे पळाले. वाटेत मनात घोकत होते, माफ करा बाई, मी नेरची, मले सगळं समजत होतं, माह्या तोंडाले काय झालं काय माहीत. त्या वेळी तर हे नक्कीच बोलणार होते.

नदीकाठी बसगाड्यांची रांग होती आणि तिथे एका दगडी कठड्यावर ती बसलेली दिसली. कोणा पोलिसाने तिला तिथवर पोहोचवून दिलं होतं. मोजे काळे झालेले, पाय थंडीनं आखडलेले. पाच-सहा बायका घोळका करून तिला रागावत होत्या. सहलीवाली पोरगी हातात छोटा झेंडा घेऊन फोनवर बोलत होती. पिशवी घेऊन मी पुढे झाले तशी त्या पोरीने मला पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "तुम्ही मराठी का?"

देवाने दुसरी संधी समोर आणून ठेवली होती. म्हातारी माझ्याकडेच पाहत होती. आता हो म्हटलं तर मघाचं खोटं तिच्या आणि त्या सगळ्या बायकांच्या समोर उघडं पडणार होतं. मी मान हलवली. नाही. मग इंग्रजीत सांगितलं, या चर्चमध्ये मिळाल्या.

चपला काढून मी तिच्या पायांपाशी ठेवल्या, पाय सरळ आत जावेत अशा. उठताना माझा बूट तिच्या पायाला लागला. मी पटकन हात लावून नमस्कार केला आणि बाजूला झाले.

म्हातारीने आधी आपल्या पायाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाषा नाई समजत बिचारीले, पण मन पाहा कसं आहे! इतक्या दूर पायताण घेऊन आली." माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "देव तुमचं भलं करो, बाई. आर्णीले येनं झालं तं येजा. बसस्टँडामागं आमची पिठाची चक्की आहे. कोनालेबी इचारा."

आणि मी काय केलं? न समजल्यासारखं हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हसले. बस निघून गेली.

घरी आल्यावर मी ही गोष्ट सांगितली, पण अर्धी. परदेशात एका म्हातारीच्या चपला हरवल्या, मी शोधून नेऊन दिल्या, एवढीच. मुलीला अभिमान वाटला. नवऱ्याने चार जणांना सांगितली. वर्ष गेलं. मधल्या काळात आर्णीवरून जाणं झालं की मी बसमध्ये पदर पुढे ओढून बसायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मग आमच्या शाळेने मला बोलावलं, आपली बोली या विषयावर बोलायला. मी! आणि मी बोललेही. आपल्या बोलीची लाज कसली, असं छातीठोक सांगितलं, टाळ्या घेतल्या. मुख्याध्यापकांनी भाषणात चपलांची गोष्टही काढली. खाली उतरल्यावर सातवीतली एक पोर जवळ आली. "बाई, मले सांगा ना, मंग त्या आजीच्या पायाले लागलं तं नाही?" तिला त्या चपलांपेक्षा त्या पायांची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडली. यवतमाळला बदलली आणि आर्णीला उतरले. चक्की लगेच सापडली. आत ज्वारीच्या गरम पिठाचा वास आणि पट्ट्याची घरघर. ती डब्यात धान्य ओतत होती, भुवयांपर्यंत पांढरी झालेली. या वेळी मी साडीत होते, कपाळावर टिकली होती. तिने पाहिलं आणि बटन बंद केलं. घरघर थांबली.

"या बाई," ती म्हणाली. "लई दिवस लावले."

घोकलेलं सगळं विसरले. "मले माफी मांगाची आहे," मी म्हटलं. "मले तवा समजत होतं. सगळं समजत होतं."

"माहीत आहे मले."

"कवापासून?"

"चपला ठेवल्या तवापासून. तुमचा बूट माह्या पायाले लागला, अन् तुम्ही हात लावून पाया पडल्या. अन् बस नदीपाशी आहे हे मी तं आपल्याच बोलीत सांगतलं होतं; समजलं नसतं तं तिथं कशा आल्या असत्या?"

"मंग तवा काहून नाई बोलल्या?"

"कायले बोलू?" तिने पदराने बाकावरचं पीठ झटकलं, मला बसायला. "चपला घेऊन पयत आल्या होत्या तुम्ही. दम लागला होता. चारचौघांत तुमची लाज कायले काढू मी?"

मी बसले आणि रडायला लागले. चांगली साठीतली बाई, भर चक्कीत, दळण घेऊन आलेल्या दोन बायकांसमोर. माझं रडणं संपेपर्यंत ती डब्यावर हात ठेवून उभी राहिली. मग मिस्किल डोळ्यांनी माझ्याकडे पाहत म्हणाली, "चहा पेता का? आता तं येते ना भाषा?"

"येते," मी म्हटलं.