स्मारकाच्या पायऱ्यांवरून

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही ब्राउनश्वाइगहून दक्षिण आफ्रिकेला गेलो, तेव्हा सासरे आमच्याकडेच राहायला आले होते, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. त्यांचं आयुष्य एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेलं. जर्मनीत आल्यापासून त्यांचा एकच उद्योग होता: महिन्याचा पास काढून ट्राममधून गावभर हिंडायचं. नातीशी मात्र फारसं बोलणं होत नसे. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर जर्मनमधून देते. ते मला "काय म्हणाली गं?" असं विचारत आणि कंटाळून पेपर उघडत.

तिथे एका टेकडीवर झुलू राजाचं स्मारक होतं. वर दगडी चौथरा, खाली कोरफडीची झुडपं आणि दगडांची मोठी रास. येणाऱ्याने आपला एक दगड त्या राशीवर ठेवायचा, अशी तिथली रीत. आम्हीही ठेवले. तिथली गाइड बाई आपल्या झोपडीपुढे मुलांसाठी खजिना शोधायचा खेळ घेत होती. आवारात मण्यांच्या पुरचुंड्या लपवलेल्या. त्या कुठे आहेत त्याचा नकाशा ती वाळूत काढून फक्त आजीआजोबांना दाखवणार आणि लगेच पुसून टाकणार. मग त्यांनी सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून ओरडायचं, नातवंडांनी खाली शोधायचं. आईबापांनी गप्प बसायचं.

"डावीकडे!" सासरे ओरडले. मुलगी उजवीकडे पळाली आणि थेट कोरफडीत शिरली. "अगं डावीकडे, डावीकडे!" ती तिथेच उभी राहून रडकुंडीला आली. डावं-उजवं आम्ही तिला मराठीत कधी शिकवलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग सासरे एकदम ट्राममधल्या घोषणेच्या सुरात म्हणाले, "आउसश्टीग लिंक्स!" म्हणजे उतरण्याचा दरवाजा डावीकडे.

मुलगी हसली आणि बरोबर डावीकडे पळाली. पुढे उजवीकडे वळायला "रेख्ट्स" झालं, थांबायला "हाल्ट" झालं, मध्येच "बाईच्या झोपडीमागे बघ" झालं. पुरचुंड्या भराभर सापडत गेल्या.

तरी आमचा दुसरा नंबर आला. पहिली आली ती तिथल्याच एका झुलू आजीची नात.

"त्या बाई दोन पायऱ्या खाली उतरल्या होत्या," सासरे मला म्हणाले. "सांग त्या गाइडला."

"अहो बाबा, खेळ आहे."

"खेळ असला म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम."

मी नाइलाजाने सांगितलं. गाइड मोठ्याने हसली आणि तिने ते आजींना झुलूत सांगितलं. आजी तशाच चढून वर आल्या, सासऱ्यांशेजारी बसल्या आणि पिशवीतून संत्री काढून त्यांच्या हातात दिली. सासरे थोडा वेळ फुगून होते. मग सोलायला लागले. आजींनी बोटांवर नातवंडं मोजून दाखवली, सासऱ्यांनी आपलं एक बोट वर केलं आणि खाली मणी ओवत बसलेल्या मुलीकडे दाखवलं.

संध्याकाळी गेस्टहाउसवर त्यांनी सासूबाईंना पुण्याला फोन लावला. "अगं, आमचा पहिला नंबर आला!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. मुलगी ब्रेडला लोणी लावत होती. तिला सगळं कळलं होतं. सासऱ्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "सांग आजीला, खरं की नाही?"

तिने घास गिळला.

"गेनाऊ," म्हणाली. म्हणजे अगदी तसंच.