टेस्टरकाकांच्या दहा गाठी

टेस्टरकाका गाठ बांधत आणि लगेच ती तोडायला बघत. गळाला दोरा बांधून झाला की गळ ते एका बारीक खिळ्याला अडकवत, दोऱ्याचे दुसरे टोक स्प्रिंगच्या छोट्या वजनकाट्याला लावत आणि काटा सावकाश ओढत. सहाशे ग्रॅमवर हात थांबवून दहापर्यंत आकडे मोजत. गाठ टिकली तर दोरा डबीत जाई. सुटली तर गळ बाजूला काढून दोरा कचऱ्यात. दोन्ही वेळा चेहऱ्यावर काही दिसत नसे.

जपानमधल्या एदोगावात राहणारी मराठी मंडळी त्यांना याच नावाने ओळखत. कावासाकीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कशी बिघडते ते दाखवणे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी सायकलने मासेमारीच्या तळ्यावर येऊ लागले. तळे मात्सुदा-सान या सत्तरीच्या बाईंचे. पत्नीच्या नोकरीमुळे मी पुण्यातल्या वर्तमानपत्राचे काम सोडून जपानला आलो होतो आणि त्या तळ्याच्या तिकीट खिडकीवर अर्धवेळ काम करत होतो. काका मला ‘संपादक’ म्हणत. मी उपसंपादक होतो, हे पहिल्याच दिवशी सांगून पाहिले.

"पुण्याहून इतक्या लांब आलास," ते म्हणाले, "तेवढी बढती घे."

तळे चौकोनी होते, मधून लाकडी फळ्यांचे धक्के काढलेले. त्यात हेराबुना नावाचा रुंद, चपटा, चंदेरी मासा सोडलेला असे. तो गळाला लावायचा, पाण्यातच जाळीत घ्यायचा, गळ काढून पुन्हा सोडून द्यायचा. नेण्याची परवानगी नव्हती. काकांना त्याची अडचण नव्हती, ते शाकाहारी होते. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी त्यांना छेडत असे, "खात नाही तर धरता कशाला, काका?" ते विचारत, "तू रोज सकाळी ट्रेन धरतोस. खातोस का?"

काठीच्या टोकापासून येणारा मुख्य दोरा जिथे संपतो, तिथे गळासकट एक आखूड, बारीक दोरा जोडलेला असतो. त्याला जपानीत हारिसु म्हणतात. या माशासाठी दोन हारिसु लागतात, एक आखूड, एक थोडा लांब. दोन्ही मुख्य दोऱ्यापेक्षा नाजूक असतात. गळाला नेढे नसते. दांड्याच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढा चपटा भाग असतो. दोऱ्याचे पाच वेढे दांड्यावर शेजारी शेजारी घालायचे, टोक फासातून काढायचे, थुंकीने ओले करायचे आणि आवळायचे. वेढ्यावर वेढा चढला की गाठ दिसते नीट आणि सुटते हमखास. तळ्यावरचे बहुतेक लोक हारिसु तयार आणत. काकांनी कधी आणले नाहीत.

ते मूळचे इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर कामाला होते. काका म्हणत, "धागा तुटला की माग थांबतो. थांबलाच पाहिजे. तुटूनसुद्धा चालू राहिला, तर पुढचं सगळं कापड वाया." हारिसुबद्दलही त्यांचे मत असेच होते. तो मजबूत असावा, पण सगळ्यांत मजबूत नसावा. मासा अनावर झाला किंवा गळ धक्क्याखालच्या तुळईत अडकला, तर वीतभर दोरा आणि एक गळ एवढेच जावे. "कुठे तुटणार ते आपण ठरवायचं," ते सांगत. "आपण नाही ठरवलं, तर ते भलतीकडेच तुटतं."

हे वाक्य मी अनेकदा ऐकले होते आणि तरी चुकलो. काकांकडून गाठ शिकल्यावर पहिला हारिसु मी मुख्य दोऱ्यापेक्षाही जाड दोऱ्याचा बांधला. पक्का असावा, एवढाच विचार. तासाभरात मोठा मासा लागला, काठी वाकली आणि दोरा वर, काठीच्या टोकाशीच तुटला. मासा गळ, हारिसु, मुख्य दोरा आणि त्यावरची तरंगणारी काडी असे सगळे घेऊन गेला. या गळांना उलटा काटा नसतो, त्यामुळे ते सहसा आपोआप सुटतात. हा सुटला नाही. दोन दिवस ती लाल टोकाची काडी तळ्यात इकडून तिकडे फिरत होती. लोक ती बघून हसत होते. काका हसले नाहीत. दोन्ही दिवस त्यांनी स्वतःचा गळ पाण्यात टाकला नाही, फक्त लांब दांड्याची जाळी घेऊन काडी धक्क्याजवळ येण्याची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. मासा दमलेला होता. गळ काढून त्यांनी तो दोन्ही हातांनी पाण्यात बराच वेळ उभा धरला. तो गेल्यावर त्यांनी माझा हारिसु काट्यावर ताणून पाहिला.

"गाठ उत्तम आहे," ते म्हणाले. "तेच वाईट झालं."

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी अश्विनी लहानपणी इथेच शिकली, पुढे पुण्यात कॉलेजला गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. काकू गेल्यावर तिने घरातली एक खोली वडिलांसाठी रिकामी करून ठेवली. काका त्या खोलीविषयी कधी बोलत नसत. दोन खोल्यांच्या घरात ते एकटे राहत, स्वतःचा वरणभात करत, कचरा ठरलेल्या वारांप्रमाणे वेगळा ठेवत आणि सकाळी नऊला तळ्यावर येत. "इथे कुणी मला सांभाळत नाही," हे ते तक्रार म्हणून सांगत नसत.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्सुदा-सान स्वतः त्यांच्या घरी गेल्या. काका स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले होते, शुद्धीवर होते, उठता येत नव्हते. पक्षाघाताचा झटका सौम्य होता, असे डॉक्टरांनी सांगितले. बोलणे आणि चालणे परत आले. उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची जाणीव पूर्ण परत आली नाही.

अश्विनी पुण्याहून आली, तीन आठवडे राहिली आणि तिने एकच गोष्ट लावून धरली. बाबांनी पुण्याला यायचे. त्या वादाच्या वेळी मी त्यांच्या घरी होतो, फळे घेऊन गेलो होतो.

"शर्टाचं बटण लागत नाही तुम्हाला. गॅस कसा पेटवणार?"

"बटण लागलं की नाही ते कुणालाही दिसतं," काका म्हणाले. "गाठ लागली की नाही ते ताणल्याशिवाय कळत नाही. मी हारिसु बांधून दाखवतो."

"बाबा, माणसाची अशी परीक्षा घेतात का?"

"मग कशी घेतात? तू सांग, तशी घेऊ."

काकांनी कागद घेतला आणि ऑफिसात करत तसा तक्ता आखला. मेअखेर, एका बैठकीत, मदतीशिवाय, दहा हारिसु. प्रत्येक सहाशे ग्रॅमवर, दहा आकडे. गाठ एकही सुटली तर पुण्याला जायचे. सगळ्या टिकल्या तर अश्विनीने हा विषय काढायचा नाही. दोरा मधे तुटला तर तो दोष दोऱ्याचा, तो हारिसु पुन्हा बांधायचा. गाठ सुटली तर दोष हाताचा. फरक ओळखण्याची खूणही त्यांनी लिहिली. तुटलेल्या दोऱ्याचे टोक सरळ असते, गाठीतून निसटलेल्या दोऱ्याचे टोक डुकराच्या शेपटीसारखे वळते. दोघांनी सह्या केल्या. अश्विनीने सही करताना कागदाकडे पाहिले नाही.

सबंध वसंत ऋतू त्यांनी सराव केला. मार्चमध्ये दहातल्या दोन टिकत. एप्रिलमध्ये पाच, सहा. अंगठ्याला दोरा लागतो आहे की नाही हे कळत नसल्यामुळे ते डोळ्यांनी बघून बांधायला शिकले. मासे धरणे त्यांनी बंद केले होते. खिडकीशेजारच्या टेबलावर सकाळभर वळलेल्या टोकांचा ढीग साचे. मात्सुदा-सान तो स्वतः उचलत, मला हात लावू देत नसत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा दहाच्या दहा टिकल्या. त्या दिवशी काकांनी मला कोन्बिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातली, कॉफी पाजली.

ठरलेल्या शनिवारी दहा वाजता ते टेबलाशी बसले. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसहा होते. अश्विनी फोनवर होती. फोन मी पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. दहा हारिसुंना पावणेदोन तास लागले. एकेक बांधून झाला की ते तो फोमच्या पट्टीवर टाचणीला ओळीने लावत. दहावा लावल्यावर ते उठले. "हात धुऊन येतो, मग ताणू," असे म्हणून ते आत गेले.

मी पट्टीवर वाकून पाहिले. सातव्या हारिसुत चौथा वेढा तिसऱ्यावर चढला होता. तो सुटणार हे मला कळत होते. काकांच्याच गळांचे आणि त्याच दोऱ्याचे मी बांधलेले काही हारिसु माझ्या डबीत होते. सातवा मी काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि माझा एक त्या जागी लावला. वर्तमानपत्रात असताना मी कुणाच्या तोंडचा एक शब्दही बदलला नव्हता. मात्सुदा-सान खिडकीत होत्या. त्यांनी पाहिले आणि त्या मान वळवून तळ्याकडे बघू लागल्या.

काका आले. पहिल्या सहा गाठी टिकल्या. सातवा हारिसु त्यांनी टाचणीवरून काढला, खिळ्याशी नेला आणि थांबले. चष्मा वर करून गळ डोळ्यांजवळ धरला.

"हा माझा नाही."

मी म्हणालो, "तुमचाच असेल, काका."

"तू टोक मुळाशी कापतोस. मी मिलीमीटरभर ठेवतो." त्यांनी हात पुढे केला. "माझा दे."

मी खिशातून काढून दिला. त्यांनी तो खिळ्याला अडकवला आणि काटा ओढला. चारशेच्या आसपास दोरा निसटला. टोक वळलेले होते. त्यांनी ते तळहातावर घेऊन नीट पाहिले आणि फोनसमोर धरले.

अश्विनी एकदम जपानीत बोलली. घाईत किंवा रागात ती अजूनही जपानीत बोलते. आता पुरे, असे काहीतरी ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "बाबा, मी बघितलं होतं त्यांना बदलताना. मी बोलणार नव्हते."

"का?"

"तुम्ही सकाळपासून किती सरळ बसला होतात." मग ती म्हणाली, "राहा तुम्ही तिथे. फाडून टाका तो कागद. बाकीच्या टिकतील."

"टिकतील कदाचित," काका म्हणाले. "दहा ठरल्या होत्या."

"मीच सोडतेय ना अट!"

"तू सोडशील गं. अट हाताची होती." त्यांनी उरलेले तीनही ताणले. तीनही टिकले. त्यांनी तक्त्यात सातव्यासमोर फुली मारली, बाकी नऊंपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि पेनला टोपण लावायला डाव्या हाताची मदत घेतली. मग फोनकडे वळले.

"त्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"पूर्वेला, बाबा," अश्विनी म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

घर आवरायला पाच आठवडे लागले. मोठ्या सामानाच्या कचऱ्यासाठी पालिकेत फोन करणे, त्यावर चिकटवायची पावती आणणे, गॅस आणि विजेचे खाते बंद करणे, ही सगळी कामे त्यांनी स्वतः यादी करून केली. काठ्या त्यांनी मात्सुदा-सानना दिल्या. मात्सुदा-सान कमरेत वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. काकाही तितकाच वेळ वाकून राहिले. त्या दोघांत मी एवढे लांब संभाषण दुसरे पाहिले नाही.

विमानतळाला जाणाऱ्या गाडीपर्यंत मी त्यांच्या बॅगा घेऊन गेलो. अश्विनी न्यायला आली होती. ती पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा आम्ही दोघेच फलाटावर उभे होतो. मी त्यांची माफी मागितली. याआधीही दोनदा मागितली होती.

"ते झालं," ते म्हणाले. "मी इथे राहावं म्हणून केलंस. मला काय कळत नाही?" मग त्यांनी विचारले, "एक सांग, संपादक. मी ओळखलं नसतं, तर तू नंतर मला सांगितलं असतंस?"

गाडीची सूचना सुरू झाली. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. काकांनी माझ्याकडे पाहिले, गळ बघताना पाहत तसे, चष्मा किंचित वर करून.

"लगेच हो म्हणाला नाहीस," ते म्हणाले, "हे चांगलं केलंस."

अश्विनी आली. गाडी वेळेवर लागली, वेळेवर सुटली. आता रविवारी फोन होतो. पुण्यातली हवा, डॉक्टर, इथल्या तळ्यावर कोण येते, असे बोलणे असते. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही. माझे उत्तर अजून तयार नाही.