मोतीबिंदू पिकायची वाट

इकडे ये गं, सरक जवळ. सख्खी धाकटी बहीण ना तू माझी? मग चेंबूरहून मुलुंडला यायला तुला मुहूर्त लागतो का? आणि काल फोनवर काय म्हणालीस, "ताई, अजून पिकला नाही"? कानफटात द्यावीशी वाटली. आता गप बस आणि ऐक.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला तेव्हा डॉक्टरीण म्हणाली होती, लवकर काढून घ्या. पण आमचे थोरले दीर खालच्याच मजल्यावर राहतात. जाऊबाई गेल्यापासून दोन वेळचा डबा त्यांना माझ्याच हातचा. ते म्हणाले, "पिकांदे गो. पिकल्याशिवाय काढतत काय?" वडीलधारा माणूस, मी ऐकलं. दोन वर्षं मी आपली पिकायची वाट बघत बसले. बसचा नंबर दिसेना, बोंबलाचे पंख कापताना बोट कापलं, तरी बसले.

मग एका दुपारी तो डोळा ठणकायला लागला. लालभडक झाला, वर उलट्या. आम्हाला वाटलं, पित्त. दुसऱ्या दिवशी मुलाने ओढत नेलं, तर डॉक्टरीण माझ्यावरच उखडली. "आजी, पिकायला तो काय फणस आहे? फार पिकला म्हणून फुगला, डोळ्यातला दाब वाढला. आतली नस गेली." ऑपरेशन केलं, नवीन भिंग बसवलं, पण त्या डोळ्याला आता नुसता उजेड-अंधार कळतो. डाव्यात नुकता धरला होता. तो महिन्याभरात काढला. अर्ध्या तासाचं काम. पट्टी सुटली आणि समोरच्या इमारतीवरचं कबुतर मान हलवताना दिसलं. मी रडले. आनंदाने नाही गं, संतापाने.

दीर बघायला आले. मी डोळ्यात थेंब घालत होते. म्हणतात कसे, "चरचरतत, पण घाबरा नको. माकापण तसाच झाला होता."

"तुम्हाला? कधी?"

त्यांनी जीभ चावली, पण सुटून गेलं होतं. आदल्या वर्षी दोन महिने लेकाकडे राहायला गेले होते ना, तेव्हा दोन्ही डोळे करून आले. कच्चेच!

"मग मला का थांबवलंत?"

"अगो, महिनाभर चुलीसमोर जावचा नाय म्हणतत. मग माझ्या जेवणाचा काय?"

पदर खोचला मी. म्हटलं, "भावोजी, कोकणातले ना तुम्ही? आंबासुद्धा आपण कच्चाच उतरवून अढीत घालतो. झाडावर पिकू दिला तर कावळे खातात. माझा डोळा तुम्ही खाल्लात." सूनबाई मागून "आई, जाऊ दे ना" करत होती. का जाऊ दे? त्या दिवसापासून डबा बंद. जिन्यात भेटले की मान खाली घालून बाजूला होतात. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला माफ कर. नाही करायची मला. डोळा माझा गेलाय, लोकांचा नाही.

तुझे तर दोन्ही अजून शाबूत आहेत. तिकडे तुझ्या कानाला कोण लागलंय ते मला ठाऊक नाही, पण त्याचं ऐकू नकोस. डॉक्टरणीशी मी बोलून ठेवलंय. आता घरी जा, साखरेचे रिपोर्ट घे, चार साड्या घे. ऑपरेशननंतर इथेच राहा, थेंब मी घालीन. रविवारपर्यंत परत ये गं बाई, नक्की ये.