तिने खोबरं घेतलं नाही

ती केस अजून माझी पाठ सोडत नाही. निवृत्त होऊन मी रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायला आले. घरात एकटीच असते. संध्याकाळी पुलावरून येणारी-जाणारी माणसं बघत बसले की मध्येच तो फोन आठवतो.

तेव्हा मी पेण तालुक्यातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होते. गणपती जवळ आलेले, बंदोबस्ताची बैठक चाललेली. ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे बाईचा दबका आवाज. "मॅडम, आमच्या गावात एक बाय हाय. नळावर तिच्याशी कोण बोलत नाय. का ते येऊन बगा." एवढं बोलून फोन बंद.

माझे सहकारी म्हणाले, "बायकांचं भांडण असेल, मॅडम."

"भांडणात बायका बोलतात हो, गप्प नाही बसत," मी म्हटलं आणि जीप काढायला लावली.

गाव जोह्याच्या बाजूचं, गणपतीच्या कारखान्यांचं. नाव सांगत नाही. नळाला पाणी आलं होतं. एक तिशीतली बाई हंडा घेऊन आली, तशा बाकीच्या जणी अर्धेमुर्धे भरलेले हंडे उचलून चालत्या झाल्या. शिवी नाही, टोमणा नाही. इतकी शिस्त मी आमच्या परेडलाही पाहिली नव्हती.

मी तिच्या घरी गेले. नवरा वारलेला, ती एकटीच राहत होती. तिने हंडा उतरवून ठेवला. मग म्हणाली, "तुमी पण इचारणार काय, मी वरडले का नाय?"

"नाही गो, ते नाही विचारणार."

तेव्हा ती रडली, आणि मग सगळं सांगितलं.

ती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. हे सगळ्यात नाजूक काम. बाजूला कोणी बोललं, हसलं तरी रेघ हलते. म्हणून दुपारी सगळे जेवायला घरी गेले की ती एकटी थांबायची. पूर्वी याच गोष्टीचं गाव कौतुक करायचं. अशाच एका दुपारी माल भरायला येणाऱ्या, गावात वजन असलेल्या माणसाने तिच्यावर बलात्कार केला. आणि मग तेच गाव विचारू लागलं, 'एकटी कशाला थांबली?' अरे, तुमच्याच देवाचे डोळे आखायला थांबली होती ना!

मी स्वतः तिचा जबाब नोंदवला, गुन्हा दाखल केला. वैद्यकीय तपासणी करून घेतली, पण दिवस उलटून गेले होते, पुरावा म्हणावा असं फारसं हाती लागलं नाही. आरोपीला ताब्यात घेतलं तर त्याचं एकच पालुपद, "त्या दुपारी मी पेणला बाजारात होतो." गावकीची पंच मंडळी त्याच्या मागे भिंतीसारखी उभी. "काय घडलंच नाय, मॅडम. बाईच तसली हाय."

गावकीचा प्रमुख एक म्हातारा होता. पांढरं धोतर, ताठ मान. त्याला चौकशीला बोलावलं, चहा दिला. माणूस खोटं बोलत असेल तर त्याला दटावून फारसा उपयोग होत नाही. त्याचा अभिमान कशात आहे ते बघावं. मी सहज म्हटलं, "बाबा, तुमची गावकी पूर्वी न्यायाला पक्की होती म्हणतात. आता काही राम राहिला नाही वाटतं."

म्हातारा उसळला. "कोण बोलला? भर देवळात उभा केला त्याला! नारळ ठेवायला लावला, सगळ्यांसमोर 'माझ्याकडून वाईट काम झालं' असं बोलायला लावलं. आमच्यात असा-तसा न्याय नाय!"

मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. कप त्याच्या हातात तसाच राहिला.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण गावासमोर दिलेली चालू शकते. केस तिथे उभी राहिली.

"मग तिला वाळीत का टाकलंत?" मी विचारलं.

खाली मान घालून म्हणाला, "नारळ फोडला, परसाद वाटला. सगळ्यांनी घेतला. परसाद घेतला म्हणजे मिटलं. तिनं खोबरं घेतलं नाय."

त्या आरोपीला एक नारळ पुरला. हिला सगळं गाव गमवावं लागलं. माझं डोकं सणकलं होतं, पण त्या म्हाताऱ्याचं एक मानलं पाहिजे. कोर्टात बाकीचे साक्षीदार फिरले, तो फिरला नाही. "देवळात झालेलं, खोटं कसं बोलू?" म्हणाला.

आरोपीला शिक्षा झाली. मला वाटलं, आता नळावरच्या बायका बोलतील. कसल्या बोलतात! आरोपी तुरुंगात गेला, हिची शिक्षा तशीच चालू राहिली. मी बहिष्काराचाही गुन्हा लावला. पण कलम लावून कोणाला 'ये गो, चहा घे' म्हणायला लावता येत नाही. हे मला त्या केसने शिकवलं, आणि ते शिकून मी काही सुखी झाले नाही. 'बाटलेला हात देवाच्या डोळ्याला नको' म्हणून तिचं काम गेलं. ती माहेरी गेली, इकडे रोह्याजवळ, खांब गावाच्या बाजूला. बातमी तिच्या आधी पोचली होती.

आता दरवर्षी मी डोळे न आखलेला गणपती घेते आणि रिक्षाने तिच्याकडे नेते. ती पाट मांडते, कुंचला घेते. मी तोंडातून शब्द काढत नाही.

गेल्या वर्षी कुंचला धुताना तिने विचारलं, "तुमच्याकडं येणारी इचारतात काय, डोळे कोणी आखले?"

"विचारतात ना. पण तुझं नाव घ्यायला कायद्याने बंदी आहे गो."

"ते त्या केसमधी," ती म्हणाली. "हे काम माझं हाय. यात माझं नाव घ्या."

इथे मी तिचं नाव लिहिणार नाही. पण गणपतीत माझ्या घरी आलात आणि मूर्तीकडे बघून डोळे कोणी आखले असं विचारलंत, तर सांगेन. वडिलांच्या नावासकट, पूर्ण, मोठ्याने.