सरांचा धुरा

आमचे भूगोलाचे सर बोलताना उजवा तळहात हळूहळू वर उचलतात आणि डाव्या हाताच्या नखांनी तो खरवडतात. तळहात म्हणजे आतल्या दाबानं वर आलेली जमीन, नखं म्हणजे पाऊस. "डोंगर असा उचलला जातो, असा झिजतो. लाखो वर्षं लागतात. कळलं का?" उत्तरासाठी ते थांबत नाहीत. रिटायर झाले, तरी चारठाण्याच्या हॉटेलात कुणी समोर बसलं की तळहात वर जातोच.

उतारावर सरांचं रान वर आहे, माझं खाली. मध्ये माती अडवणारा धुरा, म्हणजे बांध. हा लाखो वर्षांचा हिशेब सांगणारा माणूस दर उन्हाळ्यात नांगरताना वीतभर धुरा कोरून आपल्या रानात घेतो. मी बोललो, तर म्हणतो, "आपोआप झिजायलाय रे तो."

यंदा भादव्यातल्या एका जोराच्या पावसात तो कोरलेला धुरा फुटला. सरांची काळीभोर माती माझ्या सोयाबीनवर येऊन बसली आणि त्यांच्या रानात मुरूम उघडा पडला. रान जरा वाळून वाफसा होताच सर ट्रॅक्टर घेऊन हजर.

"माती माझी हाय, भरून नेतो. अन् धुरा आता तू घाल. पाणी तुझ्याच रानात येतंय. कळलं का?"

वर्गात या प्रश्नाला मी कधीच उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी तळहात वर उचलला, नखांनी खरवडला आणि म्हणालो, "मला नववीतच कळलं होतं, सर. तुमी कवा शिकणार?"